लाल ठिपके

"पाच, सहा, सहा," डॉक्टरीण म्हणाली. मदतनीस बाईंनी तक्त्यावर आकडे टाकले.

खुर्चीत तिचे वडील आ वासून पडले होते. खुणा कोरलेली बारीक सळई हिरडीखाली किती मिलिमीटर उतरते, ते ती प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजत होती. तीनपर्यंत ठीक. त्यापुढे हिरडी दाताला सोडते आणि त्या फटीत जंतू वस्ती करतात. रक्त आलं की आकड्यावर लाल ठिपका द्यायचा. बाईंचं लाल पेन थांबत नव्हतं.

"बाबा, चूळ भरा."

त्यांनी भरली. बेसिन लाल झालं.

"महिनाभर ब्रशही असाच होतोय," ते म्हणाले. "भाडेकरू माजलेत तुझे."

"माझे नाहीत, तुमचे. तोंडात जंतू सगळ्यांच्याच असतात. तुम्ही त्यांना बंगला बांधून दिलात."

बाई हसल्या. बापलेक हसले नाहीत.

नात पाच महिन्यांची होती. सातव्या महिन्यात जन्मली, फुप्फुसं कच्ची. ती घरी आली त्याच दिवशी लेकीने वडिलांना अट घातली. सिगारेट सुटेपर्यंत बाळाजवळ यायचं नाही. बोटांना, कपड्यांना चिकटलेला धूरही तिला सोसणार नाही. चाळीस वर्षं ओढणाऱ्या या शिंप्याने तीनदा शपथ घेतली आणि तीनदा मोडली. तिसऱ्या खेपेला शिलाई मशीनच्या खणात पाकीट सापडलं.

"आता शपथ नको," लेक म्हणाली होती. "त्या विषयावर एक शब्दही नको."

वासावरून काही कळायला मार्ग नव्हता. ओढत असतानाही ते लेकीसमोर आंघोळ करून, वेलदोडा चघळतच येत.

तेव्हापासून ते नातीला फोनच्या पडद्यावर बघत. तिची मूठ उघडायची, मिटायची, आणि तेवढ्यात कुणीतरी फोन उचलून न्यायचं. माप ते जावयाला विचारत आणि झबली शिवून पाठवत. गिऱ्हाईक न बघता त्यांनी आजवर बटणही लावलं नव्हतं. दोन झबली काखेत घट्ट झाली.

"सिगारेट?" बाईंनी रिकाम्या रकान्यावर पेन टेकवलं. "हो लिहू का नाही?"

"डॉक्टरांना विचारा. मला बोलायची बंदी आहे."

लेकीने जुना तक्ता मागवला, आठ महिन्यांपूर्वीचा. आकडे जवळपास हेच होते. हिरड्या तेव्हा फिकट, कोरड्या, दिसायला अगदी नीटस. अख्ख्या तक्त्यावर एकही लाल ठिपका नव्हता. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली.

वडील खुर्चीत उठून बसले.

"वाढलंय ना? दात जायचे तर जाऊ देत, कवळी लावू. पण अगं, मी..." ते थांबले. "राहू दे. तुला पटायचं नाही."

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"बाबा."

त्यांनी बेसिनकडे बघितलं. "एकेचाळीस," ते म्हणाले. मग दचकून मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

तिने हातमोजे काढले. मास्क हनुवटीखाली ओढला. बाईंना म्हणाली, "पुढच्या पेशंटला तासाभराने बोलवा." मग वडिलांच्या गळ्यातला कागदी रुमाल स्वतःच्या हाताने सोडवला.

"सिगारेटने रक्त दबून राहतं, बाबा. आत जंतू पोखरत असतात आणि हिरडी चकार शब्द काढत नाही. ओढणं सुटलं की ती अशी वाहायला लागते. दातांचं उद्यापासून बघू. आत्ता घरी चला, बाळ उठलं असेल."