पाहुण्यापुरती ऊब

ग्रीनॉक या थंड गावातली आमची शेजारीण इशबेल. तिच्या घरात यंदा इतका गारठा, की मांजर उबेसाठी फ्रिजमध्ये जाऊन बसायचं. वीज कंपनी गरीब घरांना बिलात मदत देते. त्याआधी घर बघायला कंपनीचा माणूस येणार होता. त्या सकाळी इशबेलने मीटरमध्ये आगाऊ पैसे भरून जपून ठेवलेली आठवड्याची वीज हीटरवर उधळली.

“अगं, तो तुझा गारठा बघायला येतोय,” मी वैतागून म्हणालो.

“मग काय, दारी आलेल्याला कुडकुडत बसवू? असला पाहुणचार तुझ्या घरी.”

त्या माणसाने चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. म्हणाला, “सकाळपासून घरं बघत फिरतोय आजी, अंगातला कोट पहिल्यांदा इथे काढला.”

इशबेलचा चेहरा खुलला. मदत नाकारताना त्याने कारणही तेच लिहिलं.