दहाव्याचं कवठ

कावळा शिवेना.

कयाधू नदीच्या वाळूत चंद्रभागाबाईच्या दहाव्याचा पिंड मांडला होता. समोरच्या बाभळीवर चार कावळे बसले होते. बघत होते, उतरत नव्हते. ऊन डोक्यावर येऊन राहिलं होतं. बाईचा जीव कशात अडकला, ते कुणाला कळेना.

मुलगा मुंजाजी हात जोडून म्हणाला, "माय, तुझ्या नातवाला हिंगोलीला निजामाच्या उर्दू शाळेत घालतो." कावळे ढिम्म. "बापाला अंतर देणार न्हाई." तरी ढिम्म.

"जिती असताना एवढं बोलला असतास, तर चार दिस जास्त जगली असती," त्याची आत्या शकुबाई म्हणाली.

मग सून पंचफुला पुढं झाली. तिनं पदराची गाठ सोडली, एक कवठ आणि गुळाचा खडा काढून पिंडाजवळ ठेवला. कवठ अख्खंच. फोडायचं तिला सुचलंच नाही.

एक कावळा उतरला. त्यानं कवठावर चोच मारली. टक. टक. कवठ घरंगळलं, कावळा पिंडाला न शिवताच उडाला.

पंचफुलानं घरंगळलेलं कवठ उचलून परत पिंडाजवळ ठेवलं. "आठ दिस कवठ मागून राहिल्या होत्या. हकीम म्हणला, खोकला हाय, आंबट बंद. म्या दिलं न्हाई. एका कवठापायी अडकल्या त्या."



म्हातारा तातेराव उठला. बायको गेल्यापासून तो बोललाच नव्हता. त्यानं कवठ दगडावर आपटलं. दोन वाट्या झाल्या. एकीत गूळ घालून, गरातल्या शिरा काढत, तो बोटानं कालवू लागला.

"कवठात न्हाई तिचा जीव," तो म्हणाला. "म्या चारलं तिला. जायच्या आदल्या दिशी, सूनबाई पाण्याला गेली तवा."

शकुबाईनं कपाळावर हात मारला. "दादा! हकीम नको म्हणला व्हता ना? काहून दिलं?"

"मागितलं म्हून." बोट थांबलं, पुन्हा फिरू लागलं. "खाऊन झाल्यावर म्हणली, पंचफुलीला सांगू नका. मन मारून न्हाई म्हणती लेकरू. तिला तकलीफ व्हईल."

त्यानं ती वाटी सुनेपुढं धरली. "खा."

"मामाजी, इथं?"

"खा."

ती खाऊ लागली. दात आंबले तरी खात राहिली.

"शिवला! शिवला!" मुंजाजी ओरडला. माणसं भराभरा आंघोळीला पाण्याकडं निघाली. ही दोघं तिथंच.

"गूळ कमी पडला का?"

"न्हाई." तिनं बोट चाटलं. "सासूबाई असंच खायच्या?"

"असंच. पर अर्धं मला ठेवायची," तातेराव म्हणाला. "त्या दिशी सगळं खाल्लं तिनं."