टोपलीभर आळंबी

डोंगरावरच्या मठात स्वयंपाक थोरल्या भिक्षुणी म्योजंग यांच्याकडे होता; सगळ्या त्यांना आदरानं ‘सुनिम’ म्हणत. “धुणं हेच ध्यान,” त्या म्हणायच्या. “हातात आळंबी, तर मनातही आळंबीच.” त्या सकाळी नवशिक्या सनहाचं मन मात्र आजारी आईपाशी होतं. ती भानावर आली तेव्हा रानातली टोपलीभर आळंबी धुऊन, चिरून रश्शात पडली होती. जेवणाची घंटा झाली. चाळीस भिक्षुणी वाडगे घेऊन बसल्या. तेवढ्यात सनहाला चिरायच्या फळीखाली एक देठ दिसला. पांढरा, बुडाशी पिशवी असलेला. “सुनिम, वाढू नका! विषारी पडलीय त्यात. माझं लक्षच नव्हतं!” सुनिमनी देठ निरखला आणि सगळं पातेलं खड्ड्यात ओतलं. “बोललीस, बरं केलंस.” “तुम्ही चव तर घेतली नाही ना?” “दोनदा. मीठ कमी होतं.” सुनिमनी रिकामं पातेलं खाली ठेवलं. “दवाखान्यात जायला गाडी बोलाव. पोटात अजून काही दुखत नाही, पण हे विष उशिरा चढतं.”