भाटाची शपथ

दिगंबरने आठ दिवस खपून ऑनलाइन गेममधल्या आपल्या पात्राची जन्मकथा लिहिली होती. जादूनगरीच्या दरबारातला नवा भाट, ज्याच्या शब्दांनी किल्ल्यांचे दरवाजे उघडतात. लिहिताना त्याची बोटं कीबोर्डवर झरझर चालायची. कोपऱ्यावरच्या टपरीवर मात्र तो कटिंगसुद्धा बोट दाखवूनच मागायचा.

दरबारात प्रवेश मिळाला आणि राजा झालेल्या खेळाडूने फर्मान काढलं, “नव्या माणसाने शपथ माईकवर घ्यायची. आणि पात्रातून बाहेर यायचं नाही.”

दिगंबरने माईक चालू केला. “मी, द... द... दरबाराचा भ... भ...”

हेडफोनमध्ये वीस जणांचा हशा फुटला. “तोतरा भाट,” राणी झालेली मुलगी म्हणाली, “काय डोकं लावलंय याने.” त्यांनी शपथ त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतली. तिसऱ्या वेळी तोही हसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या अडखळण्याला टाळ्या पडत होत्या, आणि त्याला ते आवडलंही.

“मानलं तुला,” राजा म्हणाला. “आजचा खेळ संपला. आता पात्र सोड आणि तुझं खरं नाव सांग, ग्रुपमध्ये घेतो.”

दिगंबरने घसा साफ केला. “दि... दि... दि...”

पुन्हा हशा पिकला. राजा मात्र आता कंटाळला होता.

“पुरे रे. नीट बोल.”