विहीणबाईंना दाखवायचे पक्षी

"आज येतील बघ," एरलिंदा लेकीला म्हणाली. कालही ती हेच म्हणाली होती, परवाही. अंगणात खुर्ची टाकून विहीणबाई बसल्या होत्या. गळ्यात दुर्बीण, मांडीवर हात. समोर झाडून, पाणी शिंपडून लख्ख केलेलं अंगण. त्यात एक पक्षी दिसेल तर शपथ.

उद्या विहीणबाई, म्हणजे मार्जोरीबाई, होंडुरासच्या या कॉफीच्या डोंगरातून उत्तरेला आपल्या देशी परतणार होत्या. एरलिंदाची लेक दिल्सियाही त्यांच्याबरोबर सासरी जाणार होती. म्हणजे उरला आजचा दिवस आणि उद्याची सकाळ.

भांडण जुनं होतं. दिल्सियाच्या लग्नाला एरलिंदा उत्तरेला गेली होती. जून महिना होता. तेव्हा मार्जोरीबाईंनी आपली बाग दाखवत म्हटलं होतं, "आमचे नारिंगी पक्षी हिवाळ्यात तुमच्याकडे सुट्टीला येतात." सुट्टीला! एरलिंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांना सांग," ती लेकीला म्हणाली, "ते आमच्या घरचे आहेत. तुमच्याकडे नुसते बाळंतपणापुरते येतात." दिल्सियाने काय भाषांतर केलं देव जाणे, पण मार्जोरीबाई गोड हसल्या.

गंमत म्हणजे, त्या बागेत एरलिंदा रोज कॉफीचा पेला घेऊन बसली, तरी तिला एक पीससुद्धा दिसलं नाही. गावात परतल्यावर तिने हे तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितलं. "आमचे पक्षी म्हणे! अहो, नुसतं हिरवं गवत, गालिचा अंथरल्यासारखं. चिमणीसुद्धा फिरकली नाही." मग दर फोनला निरोप सुरू झाला. विहीणबाई, जानेवारीत या. पक्षी कशाला म्हणतात ते दाखवते.

विहीणबाई खरंच निघाल्या, तशी एरलिंदाने कंबर कसली. फाटकाजवळच्या गुआमाच्या, म्हणजे कॉफीला सावली देणाऱ्या झाडाच्या, लोंबत्या फांद्या फुलांसकट छाटल्या. झाडांच्या बुंध्यांना चुना फासला. किडामुंगीवर औषध फवारलं. झाडाखाली सडलेली संत्री आणि पिकून फुटलेली केळी नवऱ्याला उचलायला लावली. तुलियोने ती सगळी घाण स्वयंपाकघरामागे डुकरांच्या कोंडवाड्याशी नेऊन ओतली. एरलिंदाने मागच्या दाराला आडणा घातला. पाहुण्यांना काय उकिरडा दाखवायचा?

आणि आता हे असं.

"यंदा त्यांना उशीर झाला असेल, म्हणतायत," दिल्सियाने विहीणबाईंचं बोलणं सांगितलं. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर कीव होती. टोमणा मारला असता तर एरलिंदाने चारपट परत केला असता. कीव तिला सहन होईना. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

"तुलियो, बंद कर तो रेडिओ! त्याच्यामुळेच येत नाहीत."

"रेडिओ दरवर्षी असतो," तुलियो घास चावत म्हणाला. "पाहुणे दरवर्षी नसतात."

"तू गप जेव."

तिला रडूच यायला लागलं. प्रश्न नुसत्या पक्ष्यांचा नव्हता. आपण पोरगी कुठल्या घरातून नेली, ते त्या बाईला दिसायला हवं होतं. घराचं छप्पर पत्र्याचं, भांडी साधीच. हिवाळ्यात अंगणात उतरणारे रंग, एवढी एकच श्रीमंती एरलिंदाकडे होती, आणि तीच ऐनवेळी दगा देत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी घेऊन अंगणात आली, तर खुर्ची रिकामी. ती आत वळली. मागचं दार सताड उघडं होतं.

"गेली अब्रू," असं म्हणत ती मागे धावली.

डुकरांच्या कोंडवाड्याशेजारी, पालथ्या बादलीवर विहीणबाई बसल्या होत्या. बूट चिखलात रुतलेले. दुर्बीण गळ्यात तशीच, तिची गरजच नव्हती. समोर सडक्या संत्र्यांवर नारिंगी-काळ्या चोर्चा, म्हणजे भांडणातले तेच नारिंगी पक्षी, तुटून पडल्या होत्या. कुंपणावर दोन लालभडक पक्षी. केळ्यांच्या ढिगावर छातीला गुलाबी डाग असलेला एक जाड्या, चोच बरबटलेली. घाणीवर घोंघावणाऱ्या माश्या टिपत इवले पिवळे पक्षी चक्क डुकराच्या पाठीवरून उड्या मारत होते. कलकलाट नुसता! विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

एरलिंदा आधी चिखलाकडे बघून शरमली. मग पक्ष्यांकडे बघून तिची मान आपोआप ताठ झाली. तिने एप्रन सारखा केला.

"दिल्सिया! इकडे ये. त्यांना सांग, हे असं दरवर्षी असतं. पुढच्या अंगणात, फाटकापर्यंत." ती अडखळली. पुढचं सांगणं जिवावर आलं होतं, पण घराची इभ्रत त्याहून मोठी होती. "हेही सांग, की त्या येणार म्हणून मीच सगळं झाडून-पुसून, छाटून ठेवलं. म्हणून पुढे आले नाहीत. चूक माझी, पक्ष्यांची नाही."

दिल्सियाने सांगितलं. या वेळी शब्द न शब्द सांगितला.

विहीणबाई एकदम हसत सुटल्या. इतक्या, की बादली कलली. त्यांनी एरलिंदाचा हात धरला, स्वतःला सावरलं आणि भराभरा काहीतरी बोलल्या. दिल्सियाला आता हसू आवरेना.

"काय म्हणतायत? अगं, सांग ना!"

"आई, त्या म्हणतायत, लग्नाला तू येणार म्हणून त्यांनीही महिनाभर बाग कापून कापून चकाचक केली होती."