गरुडीचा पंख

डॉक्टरने एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. हाड जुळलं होतं. येत्या रविवारी गरुडीला सोडायचं, ती म्हणाली.

दादाने फिल्मकडे पाहिलंच नाही. जखमी प्राण्यांचं हे केंद्र त्याने उभं केलं होतं आणि डॉक्टर त्याची धाकटी बहीण होती. तो देणग्या आणायचा, ती प्राणी बरे करायची. इतकी वर्षं कुणी कुणाच्या कामात नाक खुपसलं नव्हतं.

"एवढी घाई कशाला?" त्याने विचारलं.

"घाई कसली? बरी झालीय ती."

विजेच्या तारेला धडकून पंख मोडलेली ही गरुडी केंद्रात आली, तिचा व्हिडिओ लोकांनी पाहिला, आणि तेव्हापासून येणारी जवळजवळ प्रत्येक देणगी तिच्यासाठीच असायची. देणगीदारांनी तिचं नाव राणी ठेवलं होतं. डॉक्टर ते नाव कधी घेत नसे. रानातल्या जिवाला नाव दिलं की सोडताना हात जड होतो, असं तिचं म्हणणं. आंधळा कोल्हा, हात भाजलेली माकडं, कवच फुटलेली कासवं यांच्यासाठी कुणी खिशात हात घालत नव्हतं. ती सगळी राणीच्या जिवावर जेवत होती.

"कमावती लेक निघाली की बापाचं तोंड असंच होतं," मावशी म्हणाली. मावशी प्राण्यांचं खाणं रांधायची आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

दादाने बहिणीला परोपरीने समजावलं. हिवाळा तरी जाऊ दे, म्हणाला. तोवर दुसरं कुणी लोकांच्या मनात भरेल. ती ऐकेना. बऱ्या झालेल्या जनावराला कोंडून ठेवायचं, तर आपल्यात आणि शिकाऱ्यात फरक काय, असं तिने विचारलं. शिकारी निदान दवाखान्याच्या नावाने हात पसरत नाही, हेही ऐकवलं. शेवटी त्यानेच हात टेकले आणि देणगीदारांना निरोप समारंभाची आमंत्रणं धाडली.

शुभेच्छा भरभरून आल्या. त्यांच्याबरोबर दुसरं काही आलं नाही. साबणाचा कारखाना चालवणाऱ्या एक आजी सगळ्यांत मोठ्या देणगीदार. त्या समारंभाआधीही एकदा येऊन गेल्या. पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या, डोळे पुसले. आता तुमचं काम फत्ते झालं, म्हणाल्या. यापुढे त्या वृद्धाश्रमाला देणार होत्या. दादाने त्यांना कोल्हा बघायला चला म्हटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

औषधांचं कपाट रिकामं होत गेलं. त्यातच मासेमारीच्या जाळ्यात कापलं गेलेलं एक पाणमांजर आलं. भुलीचं औषध संपलं होतं. मावशीने त्याला धरून ठेवलं आणि डॉक्टरने तशीच जखम शिवली. ते लहान मुलासारखं किंचाळत होतं. दुपार व्हायच्या आत त्याने डॉक्टरच्या मांडीवरच प्राण सोडला. ती उठली आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. हात स्वच्छ झाले तरी तिने नळ बंद केला नाही.

आता तरी ही ऐकेल, असं दादाला वाटलं.

"अजून विचार कर," तो म्हणाला.

"रविवार म्हणजे रविवार," ती म्हणाली.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

शनिवारी दिवेलागणीला दादा कातडी हातमोजे घेऊन पिंजऱ्याकडे गेला. त्याने कडी काढली आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. तो बाहेर येत असताना मावशीने त्याला पाहिलं. हातमोजे त्याच्या काखेत होते, चेहरा पांढराफटक पडला होता. तो तिच्याकडे न बघता घरी निघून गेला. प्राणी सोडायच्या आदल्या रात्री डॉक्टर नेहमीच केंद्रात मुक्काम करायची, तशी ती राहिली.

सकाळी मावशी मांस घेऊन गेली, तर गरुडी जमिनीवर होती. पंख लोंबत होता. डॉक्टरने तपासलं आणि हाड मोडल्याचं सांगितलं.

पाहुणे जमले होते. दादा त्यांच्यापुढे उभा राहिला, पण त्याला वाक्य पुरं करता येईना. बायका रडल्या. साबणवाल्या आजींनी त्याचा हात हातात घेतला आणि राणीला वाऱ्यावर सोडणार नाही असं सांगितलं. बातमी पसरली. देणग्या आल्या, पूर्वी कधी आल्या नव्हत्या तेवढ्या. औषधांचं कपाट भरलं. माकडांच्या हातांवर नवं मलम आलं.

मावशीने दादाला चहा देणं बंद केलं. त्याच्यासमोर ती काही बोलत नसे. पाठीमागे मात्र सगळ्यांना सांगून झालं होतं. तो आला की कामं करणारी माणसं गप्प व्हायची. दादाचं जेवण कमी झालं, गालफडं बसली.

एके दिवशी तो बहिणीच्या खोलीत आला. ती टेबलावर एका कासवाचं कवच साफ करत होती. तो दाराशीच उभा राहिला.

"मावशीने तुलाही सांगितलं असेल."

"सांगितलं."

"मी मोडायलाच गेलो होतो गं," तो म्हणाला. "पंख हातात धरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याने झालं नाही. कुणाला खरं वाटणार नाही, पण तुझी शपथ, तो मी नाही मोडला."

डॉक्टरने सिरिंजमध्ये औषध भरलं, उजेडाकडे धरून हवा काढली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "लवकर जुळेल अशाच जागी मोडलाय मी."