रुपरावांचं बंदर

"सुकती आली! अंत्या, सुकती आली!" रुपराव ओरडले आणि काजल धावत गच्चीवर गेली. दोरीवरचे कपडे ओलेच होते. ती परत आली तेव्हा कामिनीआजी हसत होत्या.

"कपडे नाही वं. समुद्राचं पानी मागं हटते ना, त्याले सुकती म्हणतात."

नागपूरच्या नंदनवनातल्या या घरी रुपरावांची देखभाल करायला लागून काजलला महिना झाला होता. रोज बसने कळमेश्वरहून यायची. म्हाताऱ्याला पोराचं नाव आठवत नसे, बायकोला, कामिनीआजींना, तो शेजारची बाई समजे. पण लहानपणीच्या, अंत्यासोबतच्या बंदरावरच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्याला तोंडपाठ होत्या.

धक्क्याजवळ वाळत घातलेल्या माशांवरचे कावळे हाकलायचं काम पोरांकडे. आई आत गेली की धक्क्यावरून पाण्यात उड्या. मग आई बदडेल म्हणून ओला परकर उपड्या होडीवर वाळवायचा. परकर ऐकून काजलला हसू यायचं. वय झालं की सरमिसळ व्हायचीच.

"पिवळी होडी," रुपराव म्हणायचे.

"निळी होती," भाजी निवडता निवडता आजी म्हणायच्या.

काजलचं डोकं फिरायचं. नवऱ्याच्या लहानपणातही हिची लुडबुड!

"आजी, एकदा त्याइले तिथं नेऊन आना ना. आठवते तोवर."

"नाही."

"काहून?"

"तिथं गेलो तर एवढंही जाईन त्याइचं."

बाई दगडाची आहे, काजलने ठरवून टाकलं.

मग एका दुपारी रुपराव अडकले. "पानी मागं गेलं अन्... आली... अंत्या, काय आली?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. डोळे भरले. आजींनी हळूच शब्द पुरवला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. म्हाताऱ्याची तेवढीच पुंजी उरली होती आणि तीही आता निसटत होती.

दुसऱ्या दिवशी आजी चादरी घ्यायला गांधीबागेच्या बाजारात गेल्या आणि मोबाइल घरीच विसरल्या. तो वाजला. नाव दिसलं, 'अंत्या'. काजलने झटकन उचलला. पलीकडचा माणूस लग्नासाठी नागपुरात येणार होता.

"मंग घरी याच. आजोबा तुमचीच आठवन काढून राहिले. पन आजीले सांगू नका, त्या नाही म्हनतीन."

रविवारी अनंत दारात उभे राहिले. काजलने आरोळीच ठोकली, "आजोबा, तुमचा अंत्या आला!"

रुपराव उठून बसले. महिनाभरात असा चेहरा काजलने पाहिला नव्हता. "अंत्या! लेका, याद हाय का? कावळे राहिले बाजूले, अन् आपन धक्क्यावर!"

अनंत गोंधळले. त्यांनी वर पाहिलं. रुपरावांच्या मागे आजी ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. अनंत चपला काढून आत आले. मग रुपरावांशेजारी बसले.

"आहे तर! कान सुजेपर्यंत मार खाल्ला होता आपण."

रुपराव पोट धरून हसले. होड्या झाल्या, मासे झाले, सुकतीही आली. मग त्यांचं लक्ष आजींकडे गेलं.

"अंत्या, ह्या बाई लय चांगल्या हायेत. माह्यी गोष्ट रोज आयकतात. बाई, तुमचं गाव कोनतं?"

"कळमेश्वर," आजी म्हणाल्या.

"आजी! मी बी तिथलीच ना!" काजल हरखली.

अनंत चष्मा पुसत उठले. काजल त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली.

"पाहा ना, महिना झाला, पन आजी माह्या गावच्या हायेत हे मले ठाऊकच नव्हतं."

"कळमेश्वर भावोजींचं गाव, पोरी," अनंत म्हणाले. "त्यांनी तर जन्मात समुद्र पाहिला नाही. बंदरावरची ती माझी ताई."